पन्नास सालचा कागद

आमच्या घरी दर जूनमध्ये एक विधी व्हायचा. शाळेचा फॉर्म आला की बाबा ड्यूटीवरून येऊन, आंघोळ करून, धुतलेली बनियन घालून सतरंजीवर बसायचे. मांडीवर माझी पाटी, पाटीवर फॉर्म. पत्र्याच्या पेटीतला शाईचा पेन निघायचा, एरवी त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. माझं नाव, त्यांचं नाव, भिलाईतल्या खुर्सीपारचा पत्ता, सगळं ते हिंदीत सावकाश लिहीत. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिताना अक्षर आपोआप मोठं व्हायचं. मग मला म्हणायचे, "पट्टी आन." जातीच्या रकान्यात पट्टी ठेवून ते एक आडवी रेघ मारायचे, फुंकर घालून शाई वाळवायचे आणि फॉर्म मायला दाखवायचे. मायला वाचता येत नव्हतं, पण ती रेघ तिला ओळखता यायची. "मारली का?" ती विचारायची. "मारली." "मंग जेवा आता."

ही रेघ मुळात आज्याची, म्हणजे बाबांच्या वडलांची. नागपूरला दीक्षा घेतलेल्या पहिल्या लोकांतला तो माणूस. पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा भंडाऱ्याकडून गिट्टी फोडायला भिलाईत आला आणि पुढे पक्का कामगार झाला. सेक्टर सहामध्ये क्वार्टर मिळालं, दारात पेरूचं झाड लावलं. बाबांना शाळेत घालताना त्यानं मास्तरांना ऐकवलं होतं, "जे नाव टाकून देल्लं, ते कागदावरबी उचलाचं नाही." माझ्या वेळी शाळेतल्या मोठ्या बाईंनी बाबांना हटकलं, "भाईसाहब, ये कॉलम तो खाली है." बाबा म्हणाले, "खाली कहाँ है मैडम? लाइन खींची है, देखिए ना." बाईंनी चष्मा काढून पाहिलं, आणि मला पहिलीत बसवलं. मी ही गोष्ट अभिमानानं सांगत मोठी झाले. रेघेची किंमत असते आणि ती कधीतरी मागितली जाते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आजा रिटायर झाला तसं क्वार्टर परत गेलं. बाबा पक्के कधी झालेच नाहीत. ते ठेक्यावर, कोकओव्हनमध्ये, भट्टीच्या दरवाजांवर साचलेला डांबराचा थर लोखंडी सळईनं खरडायच्या कामावर. खुर्सीपारमधलं आमचं घर दोन खोल्यांचं, वर सिमेंटचा पत्रा, जमिनीचा पट्टा, म्हणजे मालकीचा कागद, नाही. कारखान्याकडून तांबडी धूळ यायची ती माठाच्या झाकणावर, वाळत घातलेल्या चादरीवर, माझ्या वह्यांवर. माय सकाळी झाकणावर बोट ओढून म्हणायची, "आज लय लोखंड आलं." तिची शिलाई मशीन दिवसभर चालायची. एका ठेकेदारासाठी ती कामगारांचे सुती हातमोजे शिवायची, डझनाच्या भावानं. डावीकडे तेलुगू अम्मा, तिचा रेडिओ. उजवीकडे छत्तीसगढी काकी, तिच्या कोंबड्या. लाखोरीच्या डाळीला काकी तिवरा म्हणायची आणि आमची माय लाखोरी, यावरून दोघींचं वर्षानुवर्षं भांडण. भात, लाखोरीचं वरण, तव्यावर भाजलेली सुकट, वरून कांदा. आजही कुणी मला विचारलं की तुमच्या घरचं जेवण काय, तर मी हेच सांगते. लाजत नाही.

बारावीला मला चांगले मार्क पडले. इंजिनीयरिंगच्या परीक्षेचा फॉर्मही बाबांनीच भरला, त्याच पेनानं, त्याच रेघेनं. मी जनरलमधून बसले. सरकारी कॉलेज अगदी थोडक्यात हुकलं. थोडक्यात म्हणजे किती, ते मला अजून पाठ आहे, पण सांगत नाही. उरलं खासगी कॉलेज, गावाबाहेर शेतांच्या मधोमध, काचांची इमारत. बँकेनं शिक्षणाचं कर्ज दिलं. मॅनेजरनं बाबांची सही घेतली तेव्हा बाबांनी प्रत्येक पानावर सही करताना आधी पान वाचलं, मॅनेजर घड्याळ पाहत राहिला. शेवटच्या पानावर बाबा म्हणाले, "साहब, यह तो पूरी फीस हो गई ना? चारों साल की?" मॅनेजर म्हणाला, "हाँ, आज के रेट से." 'आज के रेट से' हे शब्द बाबांनी ऐकले, मीही ऐकले. आमच्या घरात आजवर कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे फी ही भाजीसारखी रोज बदलणारी गोष्ट असते हे आमच्या डोक्यातच आलं नाही. आम्हाला वाटलं, शाळेचं कसं असतं, एकदा नाव घातलं की घातलं.

दुसऱ्या वर्षी फी थोडी वाढली, ती मायच्या भिशीतून निघाली. तिसऱ्या वर्षी नवे डायरेक्टर आले. त्यांच्याबरोबर नवी बाग आली, स्वागतकक्षात कारंजं आलं, आणि फी एकदम एवढी वाढली की नोटिशीपुढे उभी असलेली पोरं आधी हसली. वाटलं, एखादा आकडा चुकून जास्त पडला असेल. बँकेत गेले तर मॅनेजर म्हणाला, कर्ज मंजूर झालं त्याच रकमेचं, वरच्यासाठी तारण लागेल. बिनपट्ट्याचं घर तारण होत नाही. बाबा डबल ड्यूटी करू लागले. मायनं मोज्यांचा माल दुप्पट घेतला. तरी निम्मीच रक्कम जमली. उरलेली भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म मिळणार नव्हता, आणि हातात पंधरा-सतरा दिवस होते.

पोरांनी एक दिवस वर्ग बंद ठेवले. मग कुणीतरी आवाज उठवला की फी कशासाठी वाढवली त्याचा हिशेब दाखवा, म्हणून कॉलेजनं फी ठरवणाऱ्या समितीला दिलेला तक्ता नोटीस बोर्डावर लावला. बारीक अक्षरांचे दोन कागद. आम्ही एकमेकांच्या खांद्यावरून वाचले. वीज, प्रयोगशाळा, बाग, जाहिरात. आणि एक ओळ, निदेशकांचं वेतन व भत्ते. डायरेक्टर साहेबांचा एका महिन्याचा पगार माझ्या चारही वर्षांच्या फीपेक्षा जास्त होता. त्याच आठवड्यात आम्हाला मशीन्स शिकवणाऱ्या मॅडमनी वर्गात सांगितलं होतं की त्यांचा तीन महिन्यांचा पगार झालेला नाही आणि त्यांच्या स्वतःच्या एम.टेक.च्या कर्जाचा हप्ता चुकला आहे. सांगताना त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

डायरेक्टर साहेब सभागृहात आले, माइक हातात घेतला आणि फार गोड बोलले. चांगली माणसं ठेवायची तर बाजारभाव द्यावा लागतो, म्हणाले. माझ्या शेजारी लक्ष्मी साहू बसली होती, धमध्याकडच्या खेड्यातली, बाप हमाल. ती उभी राहिली. "सर, तुंहर तनखा बजार भाव ले बाढ़िस, बने हे. हमर ददा के बजार भाव कब बाढ़ही?" तिच्या बापाचा बाजारभाव कधी वाढणार, या प्रश्नावर अख्खं सभागृह हसलं. डायरेक्टर साहेबही हसले, मनापासून हसले, आणि म्हणाले, "वेरी गुड, ऐसे ही बोलना सीखो, इंटरव्यू में काम आएगा." दुसऱ्या दिवशी वर्ग पुन्हा सुरू झाले. फी तेवढीच राहिली.

मी त्यांच्या केबिनमध्ये एकटीच गेले. हे धाडस कुठून आलं सांगता येत नाही, बुडणारा माणूस हातपाय मारतो तसलं ते होतं. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं. कुठली, वडील काय करतात, विचारलं. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला, जणू गणित सुटलं. "अरे बेटा, तो तुम क्यों रो रही हो? तुम लोगों का तो सरकार भरती है. फॉर्म भरो, पूरी फीस वापस." मी रडत नव्हते. हे मला इथे लिहून ठेवायचं आहे. 'तुम लोगों' हा शब्द मला लागला, आणि त्याच क्षणी माझ्या पोटात आशाही उठली. राग आणि आशा एकत्र उठल्या की माणूस आशेचंच ऐकतो.

बाहेर ऑफिसात मोठे बाबू होते, पिकल्या मिशांचे, सगळ्या पोरांना 'बिटिया' नाहीतर 'बाबू' म्हणायचे. त्यांनी कपाटातून शिष्यवृत्तीचा फॉर्म काढून दिला. "जाति प्रमाणपत्र है?" "नहीं है." "तो पहले वो बनवाओ. पिताजी का शपथपत्र लगेगा, जाति का नाम लिखके." मग मिशीवरून हात फिरवत माझ्याकडे पाहिलं. "महाराष्ट्र वाले हो ना? देखो बिटिया, पचास साल के पहले का कागज माँगते हैं. कि बाप-दादा उन्नीस सौ पचास के पहले से यहीं थे. वो नहीं होगा तो मत दौड़ना." मी मान हलवली, फॉर्म घडी करून वहीत ठेवला. बसमध्ये मी स्वतःला समजावत आले. पन्नासचा कागद म्हणजे काय, असेल कुठे तरी, नसेल तर कुणी एवढं पाहत नसेल, साहेब चांगला भेटला तर करून देईल. खरं मला तेव्हाच कळलं होतं. कारखानाच मुळी पन्नासच्या नंतर आला. मग त्यासाठी आलेला माझा आजा पन्नासच्या आधी इथे कुठून असणार?

घरी मी बाबांना अर्धंच सांगितलं. सरकार फी भरते, फक्त शपथपत्र पाहिजे. जातीचं नाव लिहून. पन्नासचं मी बोलले नाही. ते बोलले असते तर बाबांना नाही म्हणायला कारण मिळालं असतं, आणि मला त्यांच्या हाती एकही कारण द्यायचं नव्हतं.

बाबा भाकर मोडत होते, ते थांबले. "आपन नाही लिहत."

"एका कागदावर, बाबा. एकदाच."

"एकदा लिहलं का लिहलंच. तुह्या आज्यानं..."

"आज्याले पक्की नोकरी होती! क्वार्टर होतं!" मी ओरडले. मशीन थांबली. "तुम्ही काय केलं रेघा मारून? जनम गेला दरवाजे खरडून राहिले. आता मलेबी तेच कराले लावता?"

माय उठून आली. "जीभ हासडीन तुही," ती म्हणाली. पण तिनं हात उचलला नाही. बाबांनी ताट पुढे सरकवलं, हात धुतले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. काकीच्या कोंबड्या त्यांच्या पायाशी फिरत होत्या, त्यांना हाकलायचंही त्यांना सुचलं नाही.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, म्हणजे लागेल तेवढंच बोलले. "पानी दे." "सायकलची किल्ली कुठं हाय." मी कॉलेजला जायचे, प्रॅक्टिकल करायचे, घरी येऊन वही उघडून बसायचे, आणि वहीतून फॉर्मची कड बाहेर दिसायची. मला वाटत होतं मी बरोबर आहे. तेव्हाचा माझा हट्ट मी आज उगाच सौम्य करून सांगणार नाही. मला डिग्री पाहिजे होती, आणि ती मिळवण्यासाठी बापानं काहीही बोलावं, कुठेही उभं राहावं असं मला वाटत होतं. आमच्या गल्लीत तोवर कोणी डिग्री आणली नव्हती. तेलुगू अम्मा मला 'इंजीनियर' म्हणून हाक मारायची. मी नापास झाले असते तर सहन झालं असतं. पैशासाठी घरी बसले तर गल्लीत तोंड कसं दाखवू, हाच विचार मला कुरतडत होता.

आता माझी मुलगी बारावीला आहे. तिचे फॉर्म मोबाइलवर भरतात. तिथे रेघ मारायची सोय नाही, यादीतून काहीतरी निवडावंच लागतं, नाहीतर पुढचं पान उघडत नाही. परवा ती मला म्हणाली, "मम्मी, इसमें क्या डालूँ?" मी बराच वेळ बोटानं ती यादी वरखाली करत बसले.

तिसऱ्या दिवशी बाबांची दुसरी पाळी होती. सकाळी ते विहारात जायचा पांढरा सदरा घालून तयार बसले होते. मला म्हणाले, "कागद घे. चाल." बस्स, एवढंच. माय दारापर्यंत आली. बाबांच्या हातात तिनं दुपारचा डबा दिला, कारण परत येईपर्यंत पाळीची वेळ होणार होती, आणि मला काही दिलं नाही.

दुर्गच्या कचेरीत आवारातल्या टिनाच्या शेडमध्ये टाइपिस्ट लोक ओळीनं बसलेले असायचे. आम्ही ज्याच्यापुढे बसलो तो वयस्क होता, कानात कापसाचा बोळा. शेजारी झेरॉक्सवाल्याचा जनरेटर धडधडत होता. टाइपिस्टनं कागद चढवला आणि पाठ म्हटल्यासारखं सुरू केलं. "मैं, फलाना, पिता फलाना, उम्र, निवासी..." बाबा एकेक उत्तर देत गेले. "जाति?"

बाबा बोलले. ओठ हलले फक्त.

"क्या? जोर से बोलिए, सुनाई नहीं देता."

बाबा पुढे वाकले, पुन्हा बोलले. जनरेटर तेवढ्यात घरघरला.

"अरे भई, शरमा क्या रहे हो, सबको लिखानी पड़ती है. जोर से!"

बाबा उठून उभे राहिले. का उठले माहीत नाही, बसून त्यांना तो शब्द निघत नसावा. उभे राहून, जसं कोकओव्हनमध्ये आगीच्या आवाजावर ओरडावं लागतं तसं, त्यांनी आज्यानं टाकून दिलेलं नाव उच्चारलं. शेडमधल्या माणसांनी माना वळवल्या. कुणी हसलं नाही, एका बाईनं फक्त पदर सावरला. तो शब्द मी इथे लिहीत नाही. बाबा बोलले, तेवढं पुरे. टाइपिस्टनं तो खटखट उमटवला आणि विचारलं, "और कुछ?" बाबांनी खाली बसून सही केली. सही करताना आज त्यांनी पान वाचलं नाही.

खिडकीतला बाबू तरुण होता. कागद उलटसुलट करून म्हणाला, "कब से हो यहाँ?"

"पिताजी आए थे साहब, प्लांट बनते समय."

"मतलब पचास के बाद."

"साहब, पचास में यहाँ प्लांट था ही नहीं. धान के खेत थे."

"तो फिर नहीं बनेगा. जहाँ के हो, वहाँ बनेगा."

"वहाँ वाले बोलेंगे, तुम तो भिलाई के हो."

"वो मेरी टेबल का काम नहीं है," बाबू म्हणाला, आणि कागद खिडकीतून बाहेर सरकवला. मागच्यानं आपला कागद आत घातला. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

पुढचं इथेच सांगून टाकते, कारण ते मला शेवटी नको आहे. मी त्या वर्षी परीक्षेला बसले नाही. एक वर्ष घरी राहून एका दुकानात कॉम्प्युटरवर बिलं केली, फी जमवली, परत गेले. लक्ष्मीनंही कॉलेज सोडलं, ती परत आली नाही. चार वर्षांची डिग्री मी सहा वर्षांत घेतली, कारण मध्ये आणखी एकदा अडलं. कर्जाचा शेवटचा हप्ता भरला तेव्हा माझी मुलगी शाळेत जाऊ लागली होती. मी गल्लीतली पहिली पदवीधर आहे आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आणि ते डायरेक्टर साहेब पुढे मोठ्या संस्थेत गेले, त्याहून मोठ्या पगारावर. हे मात्र कुणी विचारलं तरच सांगते.

आम्ही टेम्पोनं कारखान्याजवळ, पावरहाऊसला उतरलो. बाबांच्या पाळीला अजून वेळ होता. टपरीच्या बाकावर बसून त्यांनी दोन चहा सांगितले आणि डबा उघडला. भात आणि लाखोरीचं वरण. अर्धा भात झाकणात काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मला खायला सांगितलं. मी झाकण बाजूला ठेवलं आणि बोलून टाकलं.

"बाबा, मले मालूम होतं. कॉलेजच्या बाबूनं सांगतलं होतं, पन्नास सालचा कागद लागते म्हणून. मी तुमाले नाही सांगतलं."

ते जेवत राहिले. रागावतील, उठून जातील, काहीतरी करतील, याची मी वाट पाहत होते. चहावाल्यानं ग्लास आणून ठेवले.

"मलेबी मालूम होतं," बाबा म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काय?"

"पन्नासचं. आमच्या गँगमधला रामटेके दोन साल फिरला पोराच्या कागदासाठी. प्लांटमधल्या अर्ध्या मराठी लोकायले मालूम हाय ते." त्यांनी वरणाचा शेवटचा थेंब बोटानं पुसून घेतला. "तू फॉर्म आनला त्याच दिवशी मले मालूम होतं का हे होत नाही."

"मंग कावून गेले? कावून बोलले तुम्ही, एवढ्या लोकांत?"

त्यांनी डबा बंद केला. कडी नीट बसेना, दोनदा दाबावी लागली. "नसतो बोललो, त तुह्या मनात राह्यलं असतं. बापानं एक शब्द तोंडातून काढला नाही म्हून मी राह्यली. जनमभर मलेच धरलं असतं तू. आता नाही धरू शकत." चहा घेतला, एका घोटात. "आता कोनाले धराचं, ते शांतपने पाहाय. सोताचा पगार त्या डायरेक्टरनं वाढोला, माह्यावर कावून वरडतं."

मग उठले. सदऱ्यावर चहाचा डाग पडला होता, तो त्यांनी नखानं खरडून पाहिला आणि सोडून दिला. घरी जाऊन कपडे बदलायला वेळ नव्हता. "मायले सांग, मी सीधा ड्यूटीवर गेलो. आन बाकी काय सांगाचं ते तू पाहून घे," म्हणाले, आणि गेटकडे चालू लागले. त्या पांढऱ्या सदऱ्यानं ते कोकओव्हनला गेले.

मी टेम्पो केला नाही. चालत निघाले. कॅम्प-एकचा बाजार भरला होता, मी त्यातून गेले, रुळांच्या कडेनं गेले, आणि मायला काय सांगायचं ते मनात जुळवत राहिले. काम झालं नाही, एवढं सांगणं सोपं होतं. बाबांनी आज काय केलं ते सांगायला वाक्य सापडत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी तेलुगू अम्मानं हाक मारली, "ए इंजीनियर, काम हुआ क्या?" मी तिला हो म्हटलं की नाही, आठवत नाही. घराचं दार आलं तेव्हाही ते वाक्य मला जुळलेलं नव्हतं.